फू हायफंग यांची ओळख केवळ स्मॅशपुरती नाही
चीनचे दुहेरीतील बॅडमिंटनपटू फू हायफंग यांच्यावरील तुमच्या लेखात 2005 च्या ताशी 332 किलोमीटर वेगाच्या स्मॅशवरच बराच भर दिला आहे, आणि तो वेग थक्क करणारा होता यात शंका नाही. परंतु त्यांचे खरे मोठेपण जोडीदारासोबतच्या समजुतीत होते, असे मला ठामपणे वाटते. त्यांचे जोडीदार काई युन जाळीजवळ चपळाईने शटल अडवत आणि प्रतिस्पर्ध्याला ते उंच उचलायला भाग पाडत, तेव्हा कुठे मागे उभ्या असलेल्या डावखुऱ्या फू यांना पूर्ण ताकदीने प्रहार करण्याची संधी मिळे. या जोडीने चार जागतिक विजेतेपदे मिळवली (त्यांपैकी 2009 चे आपल्या हैदराबादेत, निर्णायक गेम 28-26 असा जिंकून) आणि 2012 मध्ये लंडनला चीनला पुरुष दुहेरीचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. लेखात 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधील अंतिम सामन्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, याचे मात्र वाईट वाटले. तिशी ओलांडल्यावर झांग नान या नव्या जोडीदारासह, मलेशियाच्या जोडीविरुद्ध पहिला गेम गमावूनही, त्यांनी तिसरा गेम 23-21 असा खेचून आणला. त्या सामन्यावर स्वतंत्र लेख यायला हवा.