टायटॅनिक बुडू द्या, उजनी बघा

नोकरीच्या अर्जात दाखवायचा प्रोजेक्ट कसा निवडायचा, ते सोलापुरातल्या इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या पोरापोरींसाठी लिहितोय. पोस्ट लांब आहे.

फ्रेशर्सचे अर्ज चाळायचं काम कंपनीत माझ्याकडे असतं. बायोडेटावर गिटहबची (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) लिंक आता सगळेच देतात. उघडली की आत काय? टायटॅनिकवरचं कोण वाचलं असतं, आयरिस फुलांचे तीन प्रकार आणि यूट्यूबवर बघून उतरवलेलं एखादं टू-डू अ‍ॅप. कॅगल या डेटाच्या सरावाच्या साइटवरच्या टायटॅनिकच्या ८९१ ओळी सरावासाठीच ठेवल्यात. आयरिसची १५० मापं तर १९३६ च्या शोधनिबंधातली. शिकायला उत्तम, पण दाखवायला? जगातल्या प्रत्येक नवशिक्यानं तेच केलंय. त्यावरून तुमच्याबद्दल मला काहीच कळत नाही. त्यात आता एआय एका संध्याकाळीत कोड लिहून देतं, हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असतं. मग बघायचं उरतं ते एवढंच की निर्णय कुणी घेतले.

म्हणून म्हणतो, आपल्या गावचा डेटा घ्या.

उजनीचंच बघा. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे आपल्याकडं शाळकरी पोरगंही बोलतं. बाहेरच्या माणसाला मात्र कोडं पडतं, धरणात उणे पाणी कसं? एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. त्यामुळं मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागलं की आकडा शून्याखाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला होता. आता कोर्समध्ये शिकवलं म्हणून ‘निगेटिव्ह व्हॅल्यू म्हणजे चूक’ धरून तुम्ही त्या ओळी उडवल्या, तर अख्खा दुष्काळच उडवलात! ठेवल्यात, आणि का ठेवल्या ते दोन ओळींत लिहिलंत, तर मुलाखतीत प्रश्न तिथूनच सुरू होईल. त्याचं उत्तर तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.

कांद्याचंही तसंच. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतो. पोरं किमान-कमालची सरासरी काढून मोकळी होतात. किमान १०० रुपये क्विंटल आणि कमाल काही हजार, अशा दिवसाची सरासरी कुठल्या शेतकऱ्याच्या पट्टीवर असते? जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण भावाचा आकडा शेजारीच असतो, तो घ्या. आणि यार्ड बंद असलेल्या दिवशी भाव शून्य धरू नका. असला आलेख अडत्याला दाखवलात तर तो हसेल.

रीडमीवर, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या माहितीच्या फाइलवर, मेहनत घ्या. मी तरी कोडच्या आधी तेच वाचतो. प्रश्न काय होता, डेटा कुठून आणला, काय वगळलं, काय अजून जमलेलं नाही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. गिटहब पेजेस (तिथलीच वेबपान ठेवायची सोय) फुकट आहे, आलेख मोबाइलवर उघडेल असा ठेवा. प्रोफाइलवर सहा रेपो (प्रोजेक्टचे फोल्डर) पिन करता येतात, पण दोन चांगले बास. प्रोफाइलवरचे रोजच्या कामाचे हिरवे चौकोन मी तरी मोजत नाही. अख्खा प्रोजेक्ट एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) आलेला दिसला की मात्र शंका येते.

‘कुणी चोरलं तर?’ असं विचारतात. तारखांसकट इतिहास तुमच्याकडं असतो, आणि चोरणाऱ्याला उजनीचा मायनस समजावून सांगता येणार नाही. ‘लोक हसतील’ हे खरं दुखणं. काही टाकलं की गल्लीत ‘लई शहाणा झाला बे’ सुरू होतं. होऊ द्या.

लिंक टाकली की नोकरी लागते, असं मात्र कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत आधी परीक्षा आणि टक्के. तिथं तुमचं गिटहब बहुधा कुणी उघडतही नाही. लहान कंपन्या उघडतात. तिथं कॉलेजच्या नावापेक्षा काम बघून फोन येऊ शकतो, आणि हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायच्या आधीच अर्धं बोलणं झालेलं असतं.

एक राहिलं. इंटर्नशिपच्या कंपनीचा डेटा, किंवा ओळखीच्या दवाखान्यासाठी केलेल्या अ‍ॅपमधली पेशंटची नावं चुकूनही टाकायची नाहीत. पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कोडमध्ये ठेवायच्या नाहीत. गेलीच एखादी, तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. आधी की रद्द करा, मग बाकीची साफसफाई.