बाभळीच्या शेंगा आणि काकीचा गुडघा

"गुडघे बदलू नका, तो डॉक्टरांचा धंदा आहे" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेलच. माझ्याकडे चारदा आला, चारदा डिलीट केला. पुढे तो वेंगुर्ल्याच्या काकीच्या फोनवर पोचला आणि तिने ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. "माका नको तां ऑपरेशन," एवढंच म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

त्यातलं सगळ्यात मोठं रत्न म्हणजे, बाभळीच्या शेंगांची पूड तीन महिने घेतली की गुडघ्यातली गादी परत तयार होते. आमच्या वाडीत औषधालाही बाभळ नाही. पूड घाटावरून कुरियरने आली. गादी म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती कातडीच्या जखमेसारखी भरून येत नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवून देणारं औषध अजून कोणाकडे नाही, शेंग असो की गोळी. मेडिकलमधून लोक नेतात ते ग्लुकोसामाइनसुद्धा देऊ नका, असं ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

नुसती पूड असती तर मी गप्प बसलो असतो. पण खालीच लिहिलं होतं, 'चालू नका, गुडघा झिजतो.' काकीने तेही ऐकलं आणि फिजिओने शिकवलेले व्यायाम बंद केले. तीन महिन्यांत मांडीतला जोर गेला. आता ती पाणंदीत उतरते ती घराकडे तोंड करून, गडग्याला हात लावत, चिऱ्याच्या सात पायऱ्या उलटी. व्यायाम हाच या दुखण्यावरचा पहिला उपचार, हे त्याच सूचनांत आहे. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. व्यायामाने बऱ्याच जणांचं ऑपरेशन लांबतं, काहींचं टळतंही.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, "एक्सरे दाखवून घाबरवतात." हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. एक्सरेत हाडाला हाड लागलेली माणसं शेतात राबताना दिसतात आणि एक्सरे बरा असलेली रात्रभर कण्हतात. नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरवणारा भेटला तर खुशाल दुसऱ्याकडे जा. धंद्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये सरकारला कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली, ती उगाच नाही. ऑपरेशन करूनही दहातल्या एक-दोघांचं दुखणं राहतं. पण म्हणून कोणीच करू नये? नाइसचा निकष साधा आहे: व्यायाम, वजन, वेदनाशामकं हे सगळं करून झालं, तरीही जगणं अडलंय का? काकीला कूस बदलताना जाग येते. आडाळ्यावर बसून मासे कापणं तर दोन वर्षांपूर्वीच सुटलं.

"साठीनंतर झेपत नाही." केवळ वय किंवा वजन बघून कोणाला नाकारू नका, असं त्याच सूचना सांगतात. शुगर मात्र आधी ताब्यात हवी.

"दहा वर्षांत सांधा निकामी." 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या शंभरातले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. काकी ६८ ची आहे. हिशेब फॉरवर्ड करणाऱ्याने करावा.

काल काकीने पुन्हा विषय काढला. जत्रेत दशावतार बघायला रात्रभर खाली बसता येईल काय? मांडी घालून नाही, खुर्चीवर, असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं.

"मगे खुर्ची तू घेवन ये," म्हणाली.