जुने मॉडेल इंजिन डीसीसीला बाद ठरते का?

भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यातल्या मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींत सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डिकोडर (रुळांतून आलेले आदेश ओळखून मोटर चालवणारी छोटी सर्किट पाटी) जोडण्याचे सॉकेट नसलेले जुने इंजिन डीसीसीवर, म्हणजे डिजिटल नियंत्रणावर, घेता येत नाही, रुळांत सतत पूर्ण व्होल्टेज असल्यामुळे त्याची मोटर जळते, जुन्या मोटरचा करंट डिकोडरला झेपत नाही, दिवे उडतात, आणि एकदा बदल केला की ते इंजिन साध्या डीसीवर, म्हणजे रुळांतले व्होल्टेज कमी-जास्त करून चालवण्याच्या जुन्या पद्धतीवर, पुन्हा चालत नाही. यातला करंटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे खोडून काढावे लागतील.

मोटर जळण्याची भीती कुठून आली असावी, ते समजते. डिकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळांवर ठेवले, तर साधारण 14–15 व्होल्टचा सतत दिशा बदलणारा प्रवाह थेट मोटरला मिळतो. ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. परंतु डिकोडर बसवल्यावर रुळांचा आणि मोटरचा थेट संबंधच उरत नाही. लाल आणि काळी तार रुळांकडून वीज घेते, नारिंगी आणि करडी तार मोटरला देते, आणि मधला डिकोडर ती वीज एकदिश करून हव्या तेवढ्या तुकड्यांत सोडतो. हा संबंध कुठे चुकून राहिला, तर बहुधा आधी जळतो तो डिकोडर.

सॉकेटचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. सॉकेट ही केवळ सोय आहे. त्यातून जाणाऱ्या तारा हाताने डाखल्या तरी काम तेच होते. खरी अट एवढीच की मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून विद्युतदृष्ट्या वेगळे असले पाहिजेत. ओओ या मॉडेल-मापाच्या जुन्या ब्रिटिश इंजिनांपैकी अनेकांत ते नसतात. त्यांतल्या उघड्या चौकटीच्या मोटरीत दोन्ही ब्रशांना दाबून धरणारी एकच केसपिनेसारखी स्प्रिंग असते. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी चढवलेली असते आणि दुसरा पाय उघडा असतो. त्या उघड्या पायातूनच एका बाजूच्या रुळाची वीज चासीमार्गे ब्रशपर्यंत पोहोचते. दुसऱ्या पायावरही तशीच नळी चढवली आणि दोन्ही ब्रशांना स्वतंत्र तारा डाखल्या की मुख्य अडथळा दूर होतो. ब्रशांमध्ये जोडलेला जुना कपॅसिटरही त्याच वेळी काढून टाकावा.

भुसावळच्या शेडमध्ये हयात घालवलेल्यांना इन्सुलेशन कसे तपासतात हे मी सांगायला नको. मात्र इथे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचा उच्च व्होल्टेजचा मीटर, आणू नये, कारण त्याचे शेकडो व्होल्ट डिकोडरचा जीव घेतील. साध्या मल्टिमीटरचा बझर पुरतो. माझा पहिला डिकोडर याच तपासणीतल्या हलगर्जीपणामुळे गेला. मोटर टेबलावर सुटी असताना मी तपासली, बझर वाजला नाही, म्हणून समाधानाने ती चासीत बसवून स्क्रू आवळला. त्या स्क्रूने ब्रशची पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकून चासीला टेकली होती. रुळावर ठेवताच एक बारीक ‘टक्’ झाला आणि डिकोडरवरच्या प्लास्टिकच्या आवरणाला फोड आला. तपासणी स्क्रू आवळल्यानंतर करायची असते, हे त्या दिवशी कळले.

करंटबाबत मजकुरात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एचओ-ओओ मापाचे बरेच डिकोडर सतत सुमारे 1 अँपिअर देतात, आणि जुनी मोटर त्यापलीकडे जाऊ शकते. म्हणूनच आधी 12 व्होल्ट डीसीवर अँमीटर साखळीत जोडून, चाके क्षणभर रोखून धरून आकडा पाहावा. तो 0.8 आला तर चिंता नाही. दीड आला तर मोठ्या क्षमतेचा डिकोडर घ्यावा किंवा मोटर बदलावी. चालतानाच करंट जास्त खात असेल, तर चुंबक अशक्त झाल्याचीही शक्यता असते आणि त्यावर उपाय आहे. सुटे भाग अजिबात मिळत नसतील तर इंजिन तसेच ठेवावे, हे मलाही मान्य आहे. पण तो निर्णय इंजिनाचे वय पाहून नव्हे, मीटर पाहून घ्यावा.

दिव्यांचे फारसे काही नाही. जुना बल्ब काढून एलईडी लावावा, त्याला साधारण 1 किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, आणि सामाईक धन टोक चासीऐवजी निळ्या तारेला द्यावे.

साध्या डीसीवर चालत नाही, हे विधान तर बहुतेक डिकोडरांच्या बाबतीत सरळ खोटे आहे. सीव्ही 29, म्हणजे डिकोडरच्या 29 क्रमांकाच्या सेटिंगमध्ये, डीसीची मुभा असली की इंजिन जुन्या कंट्रोलरवरही धावते. फक्त डिकोडर जागा व्हायला काही व्होल्ट लागत असल्याने ते नॉब जरा जास्त फिरवल्यावर हलते. कंट्रोलर पल्स देणारा असेल तर मात्र त्यावर ते चालवू नये. ज्यांना डीसीवर परत जायचेच नाही, त्यांनी सीव्ही 29 ची किंमत, जी कारखान्यातून बहुधा 6 असते, ती 2 करून टाकावी, म्हणजे क्षणिक बिघाडात इंजिन डीसी समजून सुसाट सुटण्याचा प्रश्नही मिटतो.