‘भाडोत्री’ या शब्दाबद्दल

महोदय,

अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून ‘मेडल ऑफ ऑनर’ हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्या मायकेल डोहर्टीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘हा आयरिश पोरगा अमेरिकेच्या यादवीत पगारासाठी लढला, म्हणजे भाडोत्रीच. पदकही १८९७ साली, युद्ध संपून बत्तीस वर्षांनी मिळालं. उगाच देव्हाऱ्यात बसवू नका, आधी अभ्यास करा.’

चूक आधी कबूल करतो. ज्या पराक्रमासाठी त्याला पदक मिळालं ती व्हर्जिनियातल्या जेफरसनची चकमक मी १८६२ची लिहिली होती. ती १२ ऑक्टोबर १८६३ची. दुरुस्त केलं आहे. पण ‘आधी अभ्यास करा’ ही काय बोलायची रीत झाली? दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस निदान चपला तरी बाहेर काढतो.

आता ‘भाडोत्री’. डोहर्टी ज्या बाजूने लढला त्या उत्तरेच्या फौजेत साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. डोनेगलहून आलेल्या गरीब पोराला ते हवे होते, त्यात लाजायचं काय? माझे वडीलही बहात्तरच्या दुष्काळात भरती झाले ते पगारासाठीच. मनीऑर्डर आली की आजी अंगठ्याची शाई चुलीतल्या राखेने घासून काढायची. पदराला पुसायची नाही, कारण धड लुगडं एकच होतं. माझ्या वडिलांना कुणी माझ्यासमोर भाडोत्री म्हणून दाखवावं!

आणि १३ डॉलरसाठी माणूस कुठवर जातो? जेफरसनला डोहर्टी गोळ्यांच्या माऱ्यात उघडं शेत ओलांडून धावला, शत्रूला एका रिकाम्या घरातून हुसकावलं आणि मूठभर सोबत्यांसह ते घर कित्येक तास लढवलं. पुढे कैद, दक्षिणेच्या फौजेची अँडरसनव्हिलची युद्धकैद्यांची छावणी. प्यायचं पाणी आणि शौचाची घाण एकाच ओढ्यात. तिथे आलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० मेले. हा पठ्ठ्या कैदेत रोजनिशी लिहीत होता. सुटका झाली तर नशिबात ‘सुलताना’ आगबोट : क्षमता ३७६, आत दोन हजारांवर माणसं. २७ एप्रिल १८६५ला मेम्फिसजवळ मिसिसिपीत तिचे बॉयलर फुटले, हजारावर माणसं गेली. त्यातूनही तो जिवंत निघाला. आपण त्याला एका शब्दात निकालात काढलंत, तेही घरी बसून.

पदकाच्या उशिराबद्दल मी बोलणार नाही, तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

पुढची प्रतिक्रिया जरूर पाठवा. मात्र आधी तो शब्द मागे घ्या, तोवर ती इथे प्रसिद्ध होणार नाही.