दुपारी घरात थांबा, पण कोणत्या घरात?

उन्हाळा तोंडावर आला की दरवर्षी त्याच सूचना फिरू लागतात: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, पाणी भरपूर प्या, सैल सुती कपडे घाला. त्यात चुकीचे काही नाही. मात्र परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला ‘घरात थांबा’ असे सांगणे म्हणजे त्याला आगीतून उठवून फुफाट्यात बसवणे होय.

लातूर-धाराशिव पट्ट्यात या पत्र्यामागे इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे (मातीची सपाट छते) अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर डोक्यावर ओझे नको म्हणून अनेकांनी पत्रा जवळ केला, आणि त्यांचे काहीच चुकले नाही. ‘जुनी माळवदाची घरे किती गार असायची’ असा उसासा टाकणाऱ्यांचा म्हणूनच मला जरा रागच येतो. (हे उसासे बहुधा एसीत बसून टाकलेले असतात.)

पत्रा राहणारच असेल, तर तो कमी तापावा एवढे तरी आपल्या हातात आहे. वरून चुन्याचे दोन हात दिले की बरेचसे ऊन परतते. खाली थोडी पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या लावल्या की पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. पावसाने चुना धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागते. २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतेही पांढरी केली. चुन्याच्या पोत्यांसाठी महापालिकेएवढी तिजोरी लागत नाही.

आपला उकाडा कोरडा असल्याने घाम अंगावरच वाळतो आणि शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. याच कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पण गावाला टँकरने पाणी येत असेल, तर कूलरमध्ये काय ओतणार? अशा वेळी ओले फडके अंगावर घेणेच परवडते. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा झोक जाऊ लागला, तर १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. खिशात कांदा खुशाल ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कोणती म्हातारी एकटी राहते, कोणत्या घरात बाळंतीण आहे, हे आशाताईंना तोंडपाठ असते. त्या घरांकडे दुपारी कोणी फेरी मारायची, हे गावाने नेमून द्यावे. पत्र्याखालच्या माणसांना चार तास टेकता येईल अशी एखादी गार, हवेशीर खोली प्रत्येक वस्तीजवळ हवी, आणि बऱ्याच ठिकाणी ती जिल्हा परिषदेच्या शाळेतच मिळेल. फक्त मे महिन्यात शाळेला कुलूप असते. किल्ली कोणाकडे राहील, माठ कोण भरील आणि पंख्याचे बिल कोणत्या निधीतून जाईल, हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यायला हवे.