‘पहिली-दुसरीच्या पोरांना व्हॅन गॉग कशाला?’ या मेसेजला उत्तर

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय साधारण असा: प्राथमिक शाळेत मोठ्या चित्रकारांची ओळख करून द्यायची, त्यावर उपक्रम घ्यायचे हे शहरी इंग्रजी शाळांचं फॅड आहे. त्यात अभ्यासाचा वेळ जातो. व्हॅन गॉग, पिकासो यांचा कोकणातल्या मुलांशी काय संबंध? मोठ्यांची चित्रं दाखवली की मुलं नक्कल करायला लागतात. रंगांचा खर्च पालकांच्या माथी. आणि कला रक्तातच असावी लागते. असेल तर आठवीत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला दिसेलच.

मी सिंधुदुर्गात प्राथमिक शिक्षिका आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत माझ्या ओळखीचे, मुलांसाठी जिवाचं रान करणारे पालक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

‘अभ्यासाचा वेळ जातो.’ कला हा विषय कुणा शाळेने हौसेने आणलेला नाही. पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचे तास आहेत आणि बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक त्यांच्यासाठीच आहे. प्रत्यक्षात हे तास गणिताच्या सरावात जातात, म्हणजे वेळ गेलाच असेल तर तो चित्रकलेचा गेला आहे. ज्या नवोदयसाठी पालक एवढे धडपडतात, तिची प्रवेश परीक्षा १०० गुणांची आहे. त्यातले ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि त्या भागात फक्त आकृत्या असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, अर्धवट नक्षी पुरी करा. नीट बघणं आणि आकार मनात फिरवून पाहणं हा अभ्यासच आहे, असं ती परीक्षा घेणारेही मानतात.

मात्र याच्या उलट बाजूचा, ‘चित्र काढा, गणित सुधारेल’ असा मेसेजही फिरतो आणि तोही मी पुढे पाठवत नाही. एलेन विनर आणि लोइस हेटलंड या अमेरिकन संशोधकांनी २००० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. चित्रकलेमुळे परीक्षेतले गुण वाढतात याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मराठीचा तास गणितासाठी आहे का, असं आपण विचारत नाही, मग चित्रकलेलाच हा प्रश्न का?

‘परदेशी चित्रकारांचा आपल्या मुलांशी काय संबंध?’ सगळ्यात जास्त टाळ्या या मुद्द्याला मिळतात, म्हणून इथे जरा थांबते.

जपानच्या होकुसाईचं लाटेचं चित्र घ्या. साधारण १८३१ सालचं, लाकडी ठशांवरून छापलेलं. प्रचंड लाट उसळलेली, तिच्या तडाख्यात तीन लांबट होड्या, आणि मागे इवलासा फुजी पर्वत. त्या होड्या ताजी मासळी घाईने बाजारात पोचवणाऱ्या. हे चित्र मी तिसरीच्या वर्गात लावलं आणि विचारलं, होडीतली माणसं अशी का दिसतात? बरीच मुलं म्हणाली, घाबरली म्हणून. रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या, घरातला एक मुलगा उठला: “ते भियाले नाय बाई, लाट इली म्हणान वाकलेत.” मग त्याने बाकावर बसूनच दाखवलं, अंग कसं खाली घालतात, वल्हं कसं सोडत नाहीत. चित्रात खरोखर तसंच आहे. वल्हेकरी ओळीने पुढे झुकलेत, डोकी एकाला एक लागल्यासारखी. पुस्तकात बघून मीही त्यांना भ्यालेलेच समजले असते. एरवी वाचनात अडखळणारा तो मुलगा त्या दिवशी वर्गाला समजावून सांगत होता. मग मुलांनी आपापली लाट काढली, आणि पुष्कळांच्या लाटेआड फुजीच्या जागी सिंधुदुर्ग किल्ला आला. कुणी सांगितलं नव्हतं. समुद्राकाठच्या मुलांना होकुसाई परका कसा?

आपले चित्रकार आधी यावेत, हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. मेसेज लिहिणाऱ्याने आपल्यातला एकही सांगितला नाही, म्हणून मी सांगते. सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) आपल्या सावंतवाडीचे. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिने ज्योतीला तळव्याचा आडोसा केलाय आणि बोटांच्या कडांतून उजेड लालसर झिरपतोय. हे दाखवण्याआधी वर्गाच्या खिडक्या लावून घ्या आणि प्रत्येक मुलाला टॉर्चवर तळवा धरू द्या. बोटं आतून लाल झालेली बघितली की मुलं त्या चित्रापुढून हलत नाहीत.

सावंतवाडीचीच गंजिफा आहे, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पानं असतात. गोलाच्या आत चित्र कसं बसवायचं, हे एक पान हातात दिलं की कळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारताच्या कथा गायच्या, अशी ती कला. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. उत्तरेला पालघरात वारली चित्रं आहेत, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. या मंडळींच्या शेजारी होकुसाई बसवला तर आपलं काही कमी होत नाही. उलट मूल विचारतं की लाकडावर कोरून छापलं म्हणजे नेमकं कसं केलं, आणि मग आम्ही भेंडीचे छाप घ्यायला बसतो.

‘मुलं नक्कल करतात.’ करतात, आणि करू द्यावी. १८८७ साली खुद्द व्हॅन गॉगने हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांच्या नकला केल्या. पुढे सँ-रेमीच्या इस्पितळात असताना त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं रंगवली. समोर होते काळे-पांढरे छाप, रंग सगळे त्याचे स्वतःचे. आपल्याकडच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, दुसरं काय चालतं? श्रावणात पोरं तिथेच पडीक असतात. आधी माती मळायची, मग मूर्तीवरून ओला ब्रश फिरवायचा, पुढे कधीतरी पितांबराचा रंग हाती येतो. डोळ्यांची आखणी करताना मूर्तिकार श्वास रोखतो, तेव्हा ती पोरंही गप्प होतात. वर्षानुवर्षं तो हात बघूनच त्यांचा हात तयार होतो. असल्या नकलेने कुणाची प्रतिभा मेल्याचं मी पाहिलेलं नाही.

मला चीड येते ती दुसऱ्याच नकलेची. व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्र’ची झेरॉक्स वाटायची, सगळ्यांनी एकाच निळ्याने भरायची, ओळीने भिंतीवर लावून फोटो ग्रुपवर टाकायचा. मेसेजचा रोख यावर असेल तर मी त्यांच्या बाजूची आहे. झेरॉक्स भरून घेणं सोडा. गावचं रात्रीचं आकाश अंगणात उभं राहून बघून यायला सांगा, आणि मग विचारा की या माणसाने ताऱ्यांभोवती गोल का फिरवले.

खर्चाचं उत्तर अंगणातच आहे: कोळसा, गेरू, चुना, जांभ्याची लाल माती, तांदळाची पेस्ट, बांबूची ठेचलेली काडी. मातिस या फ्रेंच चित्रकाराने १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कात्री हाती घेतली आणि रंगवलेले कागद कापून चित्रं केली. आपल्याला घोटीव कागद नाहीतर जुनं वर्तमानपत्र पुरतं. महागड्या रंगपेट्यांची यादी देणारी शाळा असेल, तर तक्रार त्या यादीची करा.

‘कला रक्तात लागते.’ अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचं उदाहरण यासाठी हटकून देतात. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरने पाहिलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवलं. पण या गोष्टीत रक्ताइतकीच भिंतही आहे. ते चित्र कलेक्टर येईपर्यंत टिकलं. आठवीपर्यंत थांबायचं म्हणजे सगळ्या भिंती तोवर पुसत राहायच्या. आणि एलिमेंटरीच्या तयारीत काय होतं ते आपण पाहतोच. पुढे इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात गुण, म्हणून क्लास लागतो, आणि तोवर ब्रश न धरलेली मुलं स्मरणचित्रासाठी बसस्टॉप आणि फुगेवाला पाठ करून जातात. स्मरणातलं काही काढायचं, तर आधी कुणीतरी बघायला शिकवलेलं हवं ना?

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला तीही नाही. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दोन जण सगळे वर्ग सांभाळतात, त्यांच्याकडून कलेचा तास सुटला तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना पालकांची साथ हवी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढं मागा: आठवड्यातले कलेचे तास दुसऱ्या विषयाला द्यायचे नाहीत, गणपतीआधी गावच्या मूर्तिकाराला एक दिवस वर्गात बोलवायचं, आणि सहल ठरवताना वॉटरपार्कच्या आधी पिंगुळीचा विचार करायचा. कुडाळ स्टेशनपासून ती रिक्षाच्या अंतरावर आहे.