'एल' कुठे लावायचा: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीवर लाल 'एल' कुठे लावावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नियमात 'पुढे आणि मागे' एवढंच म्हटलंय, मग जागेचा एवढा बाऊ कशाला? तुमची बहीण गाडी शिकतेय, तिच्या गाडीच्या दोन्ही काचांना तुम्ही आतून कागदी एल चिकटवलाय आणि तो पुरेसा आहे. एल दिसला की लोक उलट जास्तच हॉर्न मारतात, तेव्हा तो कोपऱ्यात असलेलाच बरा. आणि काचेला नको म्हणणारा मी स्वतः बॉनेटवर लावायला सांगतो, तिथे तो दिसणार कुणाला?

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. बॉनेटचा उतार 15 अंशांचा धरला, तर त्यावर आडवं पडलेलं 10 सेंटीमीटरचं अक्षर समोरून येणाऱ्याला जेमतेम अडीच सेंटीमीटर उंच दिसतं. रुंदी मात्र तेवढीच राहते. म्हणजे उभी रेघ दबून जाते आणि एलच्या जागी एक लाल पट्टा उरतो. मी प्लेट लावून गाडीशेजारी उभा राहिलो होतो, वरून छान दिसली आणि तसंच लिहिलं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर वीस पावलं पुढे गेलो, बसलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला वाकलो आणि पाहिलं. अक्षर ओळखू येत नव्हतं.

पण हाच हिशेब तुमच्या काचेलाही लागू होतो. पुढची काच जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर तिच्यावरचं अक्षर निम्म्या उंचीचं होतं. शिवाय कललेल्या काचेत आभाळ चमकतं, आणि तुमचा कागद तर काचेच्या आत आहे.

काचेबद्दलचा माझा मोठा आक्षेप मात्र आतून बाहेर बघण्याचा आहे. तुम्ही लिहिता की पुढचा कागद 'तिच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात' आहे. 18 सेंटीमीटरचा चौकोन डोळ्यांपासून 70 सेंटीमीटरवर असेल, तर दोन्ही डोळ्यांनी पाहूनही 10 मीटरवरची दीड मीटरहून जास्त रुंद जागा त्याच्याआड जाते. एवढ्या जागेत रस्ता ओलांडणारं माणूस सहज मावतं. सराईत ड्रायव्हर मान हलवून कोपऱ्याआड बघतो. शिकणाऱ्याचं अर्धं लक्ष क्लच आणि गिअरमध्ये असतं, त्याला ती सवय अजून लागायची असते. तो कागद कृपा करून आजच काढा. मागच्या काचेच्या मधोमध लावलेला कागदही आरशातलं दृश्य खातो.

आता नियम. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 3 मध्ये पांढऱ्यावर लाल एल, चौकोन किमान 18 सेंटीमीटर, अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच, 2 सेंटीमीटर जाड आणि तळाशी 9 सेंटीमीटर रुंद असं आहे. नेमकी जागा त्यात नाही, हे मान्य. पण अक्षराची जाडीसुद्धा ठरवून देणाऱ्या नियमाला ते दुरून वाचता यायला हवंय, हे उघड आहे. ब्रिटनमध्ये रेघ 38 मिलिमीटर जाड लागते, आपल्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे 2 सेंटीमीटर ही किमान मर्यादा आहे, तेव्हा घरी एल बनवत असाल तर खुशाल जाड काढा. जपानमध्ये परवाना मिळून वर्ष न झालेल्यांना हिरवं-पिवळं चिन्ह लावावं लागतं, तिथे तर उंचीच सांगून टाकली आहे: जमिनीपासून 0.4 ते 1.2 मीटर. मागच्या ड्रायव्हरची नजर साधारण तिथेच असते.

म्हणून माझं आजचं उत्तर असं: मागे डिकीच्या उभ्या भागावर, नंबरप्लेट आणि दिवे मोकळे ठेवून. पुढे बंपरच्या उभ्या भागावर, रेडिएटरकडे हवा जाणारी जाळी न झाकता. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर चुंबकाची प्लेट टिकणार नाही, चिकटणारी घ्या. गाडी तुम्ही स्वतः चालवणार असाल तेव्हा एल काढून ठेवा. ब्रिटनमध्ये तसा नियमच आहे, शिकवणीच्या गाड्या तेवढ्या वगळून.

राहिला हॉर्नचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही. माझ्या मुलीला शिकवताना मागून सतत वाजणारा हॉर्न ऐकून तिचे हात थरथरताना मी पाहिलेत. पण हॉर्न मारणारा एल नसला तरी मारतोच, कारण गाडी हळू चाललेली असते. खरा प्रश्न चढावर येतो. गाडी बंद पडली, ब्रेकवरचा पाय निघाला की ती मागे सरकते. मागच्याला एल आधीच दिसला असेल, तर निदान जागा सोडून थांबायची संधी त्याला मिळते. 40 च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते, तेव्हा कोपऱ्यातला लहानसा एल जवळ येऊन वाचेपर्यंत ती संधी संपलेली असते. बहिणीला हॉर्नचा त्रास होत असेल तर सुरुवातीला सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर न्या, पण एल लपवू नका.

बॉनेटचा सल्ला लेखातून काढला आहे. बंपरवर प्लेट लावलीत की वीस पावलं मागे जाऊन, वाकून एकदा बघा आणि काय दिसलं ते इथे कळवा.